हॅमट्रॅमकचं कीवर्थ स्टेडियम आणि डेट्रॉइट सिटीचा सामना: एका नाशिककर गोलीचा अनुभव

मिशिगनला मुलाकडे किंवा मुलीकडे जाणारे नाशिककर आई-वडील आता थोडेथोडके नाहीत. आमच्या इंदिरानगरच्या गल्लीतच चार घरं आहेत. बापानं सातपूर नाहीतर अंबडच्या कारखान्यात उभी हयात घालवली आणि पोरगा गाड्यांच्याच धंद्यात डेट्रॉइटला गेला. तिकडे पोचलं की पहिले पंधरा दिवस नातवंडांत जातात, मग मंदिर होतं, मॉल होतो, नायगरा होतो, आणि नंतर दुपारभर खिडकीतून कापलेलं गवत बघत बसायचं. अशा सगळ्यांना माझं सांगणं आहे की एक संध्याकाळ राखून ठेवा. हॅमट्रॅमक नावाच्या गावात कीवर्थ स्टेडियम आहे, तिथे डेट्रॉइट सिटी एफसी या क्लबचा फुटबॉलचा सामना बघून या. तिकडे त्याला सॉकर म्हणतात, खेळ आपलाच.

मी २०२५ च्या जुलैत गेलो होतो. सोबत बायको, मुलगा, सून आणि सात वर्षांची नात. एका सामन्यासाठी एवढं लिहावं का, असं कुणाला वाटेल. मला वाटतं, लिहावं. तिकडून आल्यापासून रोज सकाळी मैदानावर पाय ठेवला की तीच संध्याकाळ आठवते.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होतो, अडतीस वर्षं. कंपनीच्या फुटबॉल टीमचा गोली, म्हणजे गोलकीपर. फर्स्ट शिफ्ट करून साडेतीनला सुटायचं आणि सायकलवर टांग मारून थेट मैदान गाठायचं. इंटर-कंपनी स्पर्धा व्हायच्या. देवळाली कॅम्पातल्या आर्टिलरीच्या जवानांबरोबर मैत्रीचे सामने व्हायचे. ते आम्हाला पळवून पळवून दमवायचे, पण खेळ संपला की पुऱ्या-भाजी त्यांच्याकडेच असायची. आता गुडघे साथ देत नाहीत, तरी गोलपोस्टच्या मागे उभं राहून पोरांना 'पाय नको, अंग मागे आण' एवढं सांगायला मी रोज जातो. त्यामुळे मी जे पाहिलं ते गोलीच्या नजरेनं पाहिलं आणि फिटरच्याही.

हॅमट्रॅमक हे स्वतंत्र गाव आहे. नकाशात पाहिलं तर जवळजवळ चारही बाजूंनी डेट्रॉइटनं वेढलेलं. साडेपाच चौरस किलोमीटरची जागा आणि २०२० च्या जनगणनेत २८ हजार लोक. मुलाच्या उपनगरात एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत हाक पोचत नाही. इथे मात्र घराला घर खेटून, मधे जेमतेम एक सायकल जाईल एवढी बोळ. मला एकदम जुन्या नाशकात आल्यासारखं वाटलं. डॉज मोटारींचा प्रचंड कारखाना याच गावात होता. त्यातल्या कामासाठी पोलंडहून माणसं आली आणि गाव त्यांचं झालं. १९८० साली तो कारखाना बंद पडला. आता त्या घरांमधून बांगलादेशी आणि येमेनी कुटुंबं राहतात. कोनंट नावाच्या रस्त्यावर दुकानांच्या पाट्या बंगालीत आहेत. बायको गाडीतून उतरताच म्हणाली, "अहो, इथे कोथिंबिरीचा वास येतोय." खरंच येत होता.

स्टेडियम वस्तीच्या मधोमध आहे. मोठी कमान नाही, अर्धा मैल पसरलेलं पार्किंग नाही. गल्लीतून वळलो, दोन घरं ओलांडली आणि समोर काँक्रीटचा उंच स्टँड. मैदानाच्या दोन्ही लांब बाजूंना असे पायऱ्यापायऱ्यांचे स्टँड आहेत, मधे कृत्रिम गवताचं मैदान. आठ हजारांना थोडी कमी एवढी माणसं बसतात. घरांच्या ओट्यांवर लोक खुर्च्या टाकून बसलेले, येणाऱ्यांकडे बघत. आपल्याकडे मिरवणुकीच्या दिवशी बसतात तसे. गाडी गल्लीत लांब लावून चालत यावं लागतं. गुडघेदुखी असेल तर मुलाला आधी तुम्हाला दाराशी उतरवायला सांगा.

आता मुख्य गोष्ट. आम्ही आमच्या पायरीवर बसलो. सामन्याला अजून वेळ होता. माझा हात सहज काँक्रीटवर गेला आणि अंगठ्याला सांधा लागला. जुनं काँक्रीट खरबरीत, त्यातले गोटे वर आलेले, नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत. त्याला लागून हातभर लांबीचा नवा तुकडा, करडा, बारीक पोताचा. ठिगळ लावलेलं होतं. पण काय लावलं होतं! जुन्या काँक्रीटची कड सरळ कापून घेतलेली, नवं त्याच्या पातळीला आणून घोटलेलं. नख फिरवलं तर अडकत नव्हतं. टूलरूममध्ये आम्ही नव्या पोराला पहिल्यांदा हेच शिकवायचो, की डोळ्यावर विश्वास ठेवू नको, नख फिरव. मी खाली वाकून ते बघत होतो तर मुलगा म्हणाला, "बाबा, काय हरवलं?" मी म्हटलं, "हरवलं नाही रे. हे कुणी बांधलं?"

त्यानं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. स्टेडियम १९३६ चं. अमेरिकेत तेव्हा महामंदी होती, गावोगाव माणसं बेकार बसलेली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारनं डब्ल्यूपीए नावाची योजना काढली. बेकार माणसाला नुसती मदत द्यायची नाही, काम द्यायचं आणि त्या कामातून रस्ते, शाळा, पूल, मैदानं उभी करायची. मिशिगन राज्यातला त्या योजनेतला पहिला प्रकल्प म्हणजे हे स्टेडियम. १५ ऑक्टोबर १९३६ ला खुद्द रूझवेल्ट इथे आले होते. गावच्या शाळांचे प्रमुख होते मॉरिस कीवर्थ, त्यांचं नाव दिलेलं. मालकी तेव्हा शाळांची, आजही शाळांचीच.

हे ऐकलं आणि मी काही वेळ बोललो नाही.

माझं मूळ गाव सिन्नर तालुक्यात. ७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. वडील दुष्काळी कामावर जायचे, पाझर तलावाच्या. आई पाट्या वाहायची. वडिलांनी खडी फोडली. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या बोटांच्या पेरांत दगडाची पूड बसलेली असायची आणि आई तिळाचं तेल लावून ती काढायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची, तिच्या भाकरी. आम्हा पोरांना कामावर सुकडी मिळायची, म्हणून मीही मागे जायचो. लोक म्हणायचे, सरकारनं नुसतं दगड फोडायला बसवलंय. पण तो तलाव आहे अजून. पावसाळ्यात भरतो. खालच्या दोन विहिरींना पाणी उतरतं. गावी गेलो की बांधावरून चालताना मला वाटतं, यातला कुठलातरी दगड माझ्या बापाच्या हातचा.

आणि तिकडे, सात समुद्रापार, मी तसल्याच बांधावर बसलो होतो. बेकार माणसांनी मंदीत घातलेलं काँक्रीट, जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीचं. ते पाडून चकचकीत काही बांधावं असं कुणाला वाटलं नाही. ठिगळ लावलं, तेही घोटून.

ते कसं घडलं ते सांगतो, कारण या क्लबची खरी गोष्ट तीच आहे. डेट्रॉइट हे एके काळी साडेअठरा लाख वस्तीचं शहर. कारखाने गेले, माणसं गेली. २०२० पर्यंत साडेसहा लाखही उरली नव्हती. २०१३ साली तर शहरानं दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या आदल्याच वर्षी, म्हणजे २०१२ मध्ये, काही मित्रांनी हा क्लब काढला. कॅस टेक नावाच्या शाळेच्या मैदानावर खेळायचे. बिनपगारी पोरं, पण बघायला माणसं इतकी यायला लागली की मैदान पुरेना. तेव्हा त्यांची नजर हॅमट्रॅमकच्या या जुन्या, खचत चाललेल्या स्टेडियमवर गेली. दुरुस्तीला पैसा हवा. तो कुठल्या अब्जाधीशाकडून आला नाही. मिशिगनमध्ये राहणाऱ्या ५२७ जणांनी मिळून ७ लाख ४१ हजार २५० डॉलर उभे केले. देणगी म्हणून नाही. क्लबच्या उत्पन्नातून परत मिळतील अशा बोलीवर गुंतवलेले. आपल्याकडे पतसंस्थेचे किंवा सोसायटीचे सभासद असतात ना, तसं समजा. स्टँडची डागडुजी झाली, स्वच्छतागृहं झाली, खेळाडूंच्या खोल्या झाल्या. २० मे २०१६ ला इथला पहिला सामना झाला तेव्हा ७,४१० माणसं आली होती. पुढे क्लब व्यावसायिक झाला आणि २०२२ पासून अमेरिकेतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लीगमध्ये, यूएसएल चॅम्पियनशिपमध्ये, खेळतो. त्याच वर्षी ओपन कपमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या लीगमधले क्लब एकमेकांशी भिडतात त्या स्पर्धेत, यांनी पहिल्या क्रमांकाच्या लीगमधल्या कोलंबस क्रू संघाला याच मैदानावर २-१ नं हरवलं. मुलाच्या ऑफिसातले लोक त्या रात्रीबद्दल अजून बोलतात. आपण १९८३ च्या फायनलबद्दल बोलतो तसं, 'मी तेव्हा कुठे होतो' यापासून सुरुवात करून.

मुलाच्या ऑफिसातलाच एक गृहस्थ त्या ५२७ मधला निघाला. मध्यंतरात भेटला. पन्नाशीचा, मोठा देह, उन्हानं लाल झालेला. मी मुलाकरवी विचारलं, पैसे परत मिळाले का. तो हसला आणि पायाखालच्या पायरीवर बूट आपटून म्हणाला, यातला एक फूट माझा आहे. मी त्याचा हात धरला आणि माझ्या वडिलांच्या तलावाचं सांगितलं. मुलानं भाषांतर केलं. त्याला किती कळलं देव जाणे, पण नंतर सामना संपेपर्यंत तो आमच्याच शेजारी बसला.

सामन्याबद्दल. निकाल आणि गोल कुणी केले हे सगळं इंटरनेटवर मिळतं, त्यात वेळ घालवत नाही. खेळाचा दर्जा कसा? टीव्हीवर युरोपातले सामने बघून डोळे बिघडलेल्यांना पास थोडे हळू वाटतील. पण टीव्हीत जे कधीच कळत नाही ते इथे कळतं. मैदान आणि पायऱ्या यांत अंतर कमी आहे, त्यामुळे बॉलला बसलेल्या लाथेचा आवाज छातीत लागतो. खेळाडू एकमेकांना ओरडतात ते ऐकू येतं. दुसऱ्या अर्ध्या डावात आमच्याजवळच्या कोपऱ्यातून कॉर्नर आला. डेट्रॉइटचा गोली पुढे झेपावलाच नाही. आधी एक पाऊल मागे गेला. मी मनात म्हटलं, गेला हा. पण तो मागे गेला कारण त्याला बॉल वळणार हे दिसलं होतं. मग गर्दीतून उंच उडी, एक गुडघा पुढे, दोन्ही पंजे बॉलच्या मागे, आणि खाली येताना बॉल पोटाशी. पंच, म्हणजे मुठीचा ठोसा, मारला नाही, बॉल धरला. आवाज असा आला, जाड पुस्तक मिटल्यासारखा. मी उभा राहिलो होतो हे मला नंतर कळलं. नात माझा शर्ट ओढत विचारत होती, "आजोबा, गोल झाला?" मी म्हटलं, "नाही गं राणी, गोल होता होता राहिला. गोलीचं कामच ते."

प्रेक्षकांबद्दल सांगायलाच हवं, कारण निम्मा अनुभव तोच आहे. 'नॉर्दर्न गार्ड' नावाचे कट्टर पाठीराखे आहेत. ते सामन्याआधी ढोल वाजवत, झेंडे घेऊन, गल्ल्यांतून चालत स्टेडियमपर्यंत येतात. ते बघायला अर्धा तास आधी पोचा, चुकवू नका. आमच्या नाशिकच्या ढोलांपुढे तो ढोल काही नाही, पण ताल सोडत नाहीत, नव्वद मिनिटं. एक क्षण गप्प बसत नाहीत. रंग लालसर मरून आणि सोनेरी. त्याच रंगाचा धूर सोडतात आणि तो मैदानावरून हळूहळू सरकत जातो. उन्हाळ्यात तिकडे नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, त्या तिरप्या उजेडात तो धूर मी पाहिला. फोटोत येत नाही तो. त्यांच्या गाण्यांत शिव्या असतात, हे मुलानं आधीच सांगितलं होतं. म्हणून कुटुंबासह जाणाऱ्यांनी त्यांच्या समोरच्या स्टँडमध्ये बसावं. तिथून त्यांचा आवाज आणि धूर दोन्हीची मजा मिळते, धूर घशात जात नाही आणि शब्दही नीट कळत नाहीत. दमेकऱ्यांनी तर तिकडे जाऊच नये.

बसायला कडक आहे, घरून उशी न्या. उन्हाची टोपी न्या. रात्री वारा सुटतो, शाल न्या. तिकिटं मुलानं ऑनलाइन काढली आणि किंमत काही केल्या मला सांगेना, सगळ्यांचीच मुलं असं करतात. पण माझ्या माहितीप्रमाणे मोठ्या लीगच्या मानानं बरीच स्वस्त.

खाण्याचं लगेच सांगून टाकतो. स्टेडियमात खाऊ नका असं नाही, पण पोटात जागा ठेवा आणि सामन्यानंतर कोनंट रस्त्यावर जा. बांगलादेशी दुकानात फुचका खाल्ला, म्हणजे आपली पाणीपुरीची सख्खी बहीण, पाणी चिंचेचं आणि जास्त आंबट. बायको दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखं जेवली. दुकानदार हिंदी समजत होता. नाशिक म्हटल्यावर त्याला नाही कळलं, मुंबईजवळ म्हटल्यावर कळलं, आणि द्राक्षं म्हटल्यावर तर मान डोलावली.

आता परत आल्यावरचं. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, म्हणजे आपलं गोल्फ क्लब, तिथे जॉगिंग ट्रॅक संपतो त्या कोपऱ्यात आमचा कट्टा बसतो. चालून झालं की चहा. मी सगळं सांगितलं, गोलीच्या उडीसकट, हातवारे करून. एक जण बँकेतून निवृत्त झालेले आहेत, ते म्हणाले, "तुमचे ते ५२७ लोक ठीक आहेत. इथे पाच तरी निघतील का?" दुसरे म्हणाले, "निघतील, पण नंतर मैदानाला फाटक लागेल आणि आपल्याला चालायला बंदी होईल." यावर तास गेला. चहा दोनदा झाला.

मला त्या दुसऱ्या प्रश्नाचंच उत्तर द्यायचं होतं, कारण तोच खरा आहे. व्यावसायिक क्लब आला की गावचं मैदान गावाचं राहत नाही, ही भीती रास्त आहे. कीवर्थमध्ये मला आवडलं ते हेच, की मालकी शाळांकडून हलली नाही. क्लब भाडेकरू आहे. शाळेची पोरं त्याच मैदानावर आजही खेळतात. क्लबनं पैसा उभा केला, दुरुस्ती केली आणि त्या दुरुस्त पायऱ्यांवर शनिवारी क्लबचे लोक बसतात, बाकी दिवशी कुणाचे तरी आई-बाप बसतात.

आमच्याकडे काय होतं तेही सांगतो. नव्वदच्या दशकात नाशिकमधल्या एका मैदानावर आमच्या स्पर्धा व्हायच्या. नाव घेत नाही. एका वर्षी आमच्या सेमीफायनलच्या आठवडाभर आधी ते मैदान कुठल्याशा प्रदर्शनाला दिलं. प्रदर्शन उठलं, मांडव उठला, पण मांडवाच्या खुंट्या तशाच जमिनीत. वर माती पसरून दिलेली. सामन्यात मी डावीकडे झेप घेतली, बॉल अडवला, आणि तळहात एका खुंटीवर आला. नऊ टाके. अंगठ्याच्या मुळाशी अजून वळ आहे, थंडीत दुखतो. मला त्या खुंटीचा तितका राग नाही. राग याचा आहे, की दुसऱ्या दिवशी हात बांधून मी परत गेलो तेव्हा ती खुंटी तिथेच होती. एक माणूस हातोडा घेऊन आला असता तर पाच मिनिटांचं काम. कुणालाच ते आपलं काम वाटलं नाही. शेवटी आमच्याच टूलरूममधून पहार नेऊन आम्ही तिघांनी त्या सगळ्या उपटल्या. एकतीस निघाल्या.

कीवर्थच्या त्या ठिगळावर नख फिरवताना मला त्या एकतीस खुंट्या आठवत होत्या, हे मी कट्ट्यावर सांगितलं. बँकवाले काही बोलले नाहीत.

आणि नाशिककर बघायला येत नाहीत असं कुणी म्हणू नये. २३ जानेवारी २०२५ ला याच गोल्फ क्लबवर महाराष्ट्र आणि बडोद्याचा रणजी सामना सुरू झाला. आपण ४३९ धावांनी जिंकलो. ऋतुराज गायकवाडला बघायला पोरं झाडाखाली दाटीवाटीनं उभी होती, शाळेच्या दप्तरांसकट. बायका डबे घेऊन आल्या होत्या. एरवी ज्यांना मी रोज फक्त चालताना बघतो ती माणसं चार दिवस त्या मैदानाकडे वेगळ्या नजरेनं बघत होती. ज्या हुतात्म्याचं नाव या मैदानाला आहे तो अठरा वर्षांचा पोरगा होता. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात त्यानं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. हे मी सकाळच्या पोरांना सांगतो, त्यांच्यातलेही काही अठराचेच आहेत. अशा मैदानावर माती नीट लोटलेली असावी, खुंटी नसावी, पायरी फुटली तर ती कुणीतरी घोटून भरावी. फुटबॉलचा क्लब येवो न येवो.

आता एक गोष्ट घाई करायला लावणारी. डेट्रॉइट सिटी हे कीवर्थ सोडणार आहे. डेट्रॉइटमध्ये, बंद पडलेल्या एका हॉस्पिटलच्या जागेवर, क्लब स्वतःचं स्टेडियम बांधतोय, जवळपास पंधरा हजारांचं, आणि २०२७ मध्ये तिथे जायचं त्यांनी जाहीर केलंय. आपल्याकडे सिंहस्थ त्याच वर्षी. मला आधी वाईट वाटलं. ज्यांनी पैसे घातले त्यांना काय वाटत असेल, म्हणून त्या ऑफिसातल्या गृहस्थाला मुलाकरवी निरोप पाठवून विचारलं. त्याचं उत्तर आलं: नव्या ठिकाणी जाईन, पण पायरी तर शाळेचीच होती, ती शाळेला चांगल्या स्थितीत परत जाईल. मला ते पटलं. तरीही ज्या गल्लीत लोक ओट्यावर बसून ढोलांची वाट बघायचे, तिथली शनिवारची संध्याकाळ मोकळी होणार, याचं दुःख आहेच.

तेव्हा ज्यांना जायचं आहे त्यांनी लवकर जावं. २०२६ च्या उन्हाळ्यात मी पुन्हा जाणार आहे, व्हिसा आहे. क्लबचा मरून-सोनेरी गळपट्टा मी विकत आणला होता. तो आमच्या मैदानावर रोज येणाऱ्या एका मुलीला दिला. दहावीत आहे, गोली आहे, पंच मारायची घाई करते. तिला मी ती उडी दाखवतो, आधी एक पाऊल मागे. माझ्या गुडघ्यांनी उडी होत नाही, पाऊल मात्र दाखवता येतं. ती म्हणाली, "काका, व्हिडिओ काढून आणा." म्हणून मुलाला सांगून ठेवलंय की तिकीट गोलपोस्टच्या जवळचं काढ, आणि जमलं तर त्याच पायरीवरचं.